शायरच्या गिरणीपासून सिल्व्हरटाइनच्या शिखरापर्यंत

शनिवार, बर्मिंगहॅम

इंग्रजी कल्पनाकथांमधल्या जागा लेखकांना कुठून सुचल्या, ते पाहत फिरायचं, अशी ही सहल. सेअरहोलला पोचलं की पाणचक्कीच्या आधी तिचं धुराडं दिसतं. विटांचं, उंच, छपराच्या बरंच वर गेलेलं. १८५० च्या दशकात इथे वाफेचं इंजिन बसवलं तेव्हाचं ते. माझी भाची सई ते पाहून थबकलीच. "मावशी, शायरमध्ये धुराडं शेवटी येतं ना? जुनी गिरणी पाडून टाकतात तेव्हा."

तिचं बरोबर होतं. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीच्या अखेरीस हॉबिट, म्हणजे तिच्यातली बुटकी माणसं, शायर या आपल्या मुलखात घरी परततात, तेव्हा नदीकाठच्या जुन्या गिरणीच्या जागी विटांची अजस्र, घाणेरडी इमारत उभी असते आणि दूरवर एक धुराडं काळा धूर ओकत असतं. सेअरहोलचं धुराडं मात्र टॉल्किन यांच्या जन्माआधी चाळीसेक वर्षं उभं होतं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली गिरणी जशीच्या तशी उचलली नाही; धुराडं बाजूला काढलं, गिरणी आपल्या गावाला दिली आणि धुराडं शत्रूंच्या हवाली केलं. सहलीच्या पहिल्याच तासात हे लक्षात आलं, ते फार बरं झालं. पुढच्या प्रत्येक जागी आम्ही तेच शोधत होतो : काय घेतलं, काय टाकलं.

या वाटेवरच्या जागांच्या याद्या भरपूर आहेत आणि त्यातल्या निम्म्या नुसत्या ऐकीव. म्हणून सईने वहीत पानाच्या मधोमध रेघ मारली होती. डावीकडे ‘त्यांनी सांगितलं’, उजवीकडे ‘लोक सांगतात’.

सेअरहोल डाव्या बाजूला, ठळक अक्षरात. १८९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला हा मुलगा आई आणि धाकट्या भावाबरोबर इंग्लंडला आला. वडील मागे राहिले होते, ते १८९६ च्या सुरुवातीला तिकडेच वारले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आईने सेअरहोलमध्ये छोटं घर घेतलं. तेव्हा हे बर्मिंगहॅमच्या हद्दीबाहेरचं खेडं होतं. चार वर्षांनी कुटुंबाने ते सोडलं. म्हणजे वयाच्या चार ते आठ, एवढाच मुक्काम! पण शायर म्हणजे साधारणपणे राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या काळातलं वॉरिकशायरचं खेडं, असं त्यांनी पुढे पत्रात लिहून ठेवलं. तो महोत्सव १८९७ चा. त्या वर्षी ते पाच वर्षांचे होते आणि या गिरणीच्या तळ्याकाठी खेळत होते.

तेव्हा इथे खतासाठी हाडं दळली जात. गिरणीवाल्याचा मुलगा त्या भुकटीने पांढराफटक व्हायचा. दोन्ही भावांनी त्याला ‘पांढरा राक्षस’ असं नाव ठेवलं होतं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या १९६६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत चौऱ्याहत्तर वर्षांचे टॉल्किन लिहितात, की या तरुण गिरणीवाल्याचं तोंड आपल्याला कधी आवडलं नाही. त्याच्या बापाला काळी दाढी होती. इतकी वर्षं कुणाची दाढी लक्षात ठेवायची, म्हणजे ती जागा मनात किती खोल रुतली असेल!

तळं अजून आहे. पाणी संथ, कडेने झाडी. इथेच पाण्यावर ओणवलेला एक विलो होता, त्यावर ते चढायला शिकले. एक दिवस तो तोडला. तोडून त्याचं काही केलंही नाही, ओंडका तसाच पडून राहिला. हे आपण कधी विसरलो नाही, असं त्यांनी म्हातारपणी सांगितलं. झाडांच्या बाजूने लढणारे चालते-बोलते वृक्षपाल ज्याने उभे केले, त्या माणसाची ही गोष्ट तळ्याकाठी उभं राहून आठवली तेव्हा मला भरून आलं. गिरणी १९१९ मध्ये बंद पडली, मोडकळीला आली. साठच्या दशकात ती वाचवण्यासाठी वर्गणी गोळा झाली, त्यात टॉल्किन यांनीही पैसे घातले. आता तिथे संग्रहालय आहे.

दुपारी मोझली बॉगमध्ये. गिरणीपासून चालत थोडंच अंतर. पूर्वी इथे गिरणीसाठी पाणी अडवलेलं असायचं. आता दलदल आणि दाट झाडी आहे, आणि त्यातून लाकडी फळ्यांची पायवाट काढली आहे. ऐंशीच्या दशकात इथे घरं बांधायचा बेत होता, लोकांनी भांडून तो हाणून पाडला. शायरच्या सीमेवरचं जुनं अरण्य हेच, असं सगळे सांगतात. सईने ते उजव्या बाजूला लिहिलं. पण फळ्यांवरून चालताना दोन्ही बाजूंच्या मुळ्या अशा अंगावर येत होत्या, की तिने शेजारी छोटं प्रश्नचिन्ह डावीकडे सरकवून काढलं.

रविवार, एजबॅस्टन

आईचं १९०४ मध्ये मधुमेहाने निधन झालं. टॉल्किन तेव्हा बारा वर्षांचे. दोघं भाऊ एजबॅस्टनमध्ये एका नातेवाईक बाईंकडे राहायला गेले, आणि तिथून जवळच दोन उंच मनोरे आहेत. एक पेरॉट्स फॉली, १७५८ चा, सुमारे २९ मीटर उंच, जॉन पेरॉट या धनिकाने बांधलेला. दुसरा पाणीपुरवठा केंद्राचा, व्हिक्टोरियन काळातला, नक्षीदार विटांचा. दोन मनोरे, आणि कादंबरीच्या दुसऱ्या खंडाचं नावही ‘दोन मनोरे’. शहराने हे नातं मनापासून जपलं आहे.

मला ते पटत नाही. त्या शीर्षकातले दोन मनोरे नेमके कोणते, याबद्दल खुद्द टॉल्किन यांचंच बराच काळ नक्की ठरत नव्हतं. मनात बालपणीच्या दोन इमारती रुतून बसल्या असत्या तर असं झालं नसतं. तरीही त्या रस्त्याने चालताना एक गोष्ट जाणवली. गिरणी, तळं आणि झाडं सोडून आलेला, आईविना झालेला मुलगा रोज हेच उंच, मुके मनोरे पाहत शाळेत जात-येत होता. मनोऱ्यांचं नातं मी मानत नाही. या शहरातल्या एकटेपणाचं मात्र मानते.

सोमवार, ऑक्सफर्ड

इथे दंतकथांचा सुकाळ आहे. सेंट मेरीज पॅसेज या अरुंद बोळात एक जुना दरवाजा आहे. त्यावर कोरलेला चेहरा सिंहासारखा दिसतो, दोन बाजूंना सोनेरी फॉन आहेत, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बोकड असलेली रानदैवतं. चार पावलांवर दिव्याचा खांब. लेखक सी. एस. लुईस यांना नार्निया ही आपली काल्पनिक दुनिया इथेच सुचली, असं प्रत्येक गटाला सांगितलं जातं. आम्ही पोचलो तेव्हा तीन गट रांगेत होते. दृश्य खरंच देखणं आहे.

पण लुईस यांनी स्वतः वेगळंच सांगून ठेवलं आहे. बर्फाच्या रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला फॉन, हे चित्र त्यांच्या डोक्यात सोळाव्या वर्षापासून होतं. सोळाव्या वर्षी ते ऑक्सफर्डला आलेलेही नव्हते. चाळिशीच्या आसपास त्यांना वाटलं, या चित्राची गोष्ट करून पाहू. शिवाय ते बेलफास्टचे. उत्तर आयर्लंडच्या मोर्न डोंगरांमध्ये विशिष्ट प्रकाश पडला, की पुढच्या कड्यामागून आता कुणी महाकाय डोकं वर काढील असं वाटतं, असं त्यांनी लिहिलं आहे. सईने बोळाचं नाव उजवीकडे आणि मोर्न डावीकडे लिहिलं.

‘ॲलिस इन वंडरलँड’ची गोष्ट वेगळी. तिथे डावी बाजू भरभरून वाहते. क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवणारे चार्ल्स डॉजसन, म्हणजेच लुईस कॅरल, ४ जुलै १८६२ रोजी कॉलेजच्या डीनच्या तीन मुलींना घेऊन नावेतून गॉडस्टोकडे गेले आणि वाटेत गोष्ट सांगू लागले. मधली मुलगी ॲलिस लिडेल. कॉलेजसमोर सेंट ॲल्डेट्स रस्त्यावर एक बुटकं दुकान आहे, ज्यातून खरी ॲलिस गोळ्या-चॉकलेटं घ्यायची. आरशापलीकडच्या दुसऱ्या पुस्तकात मेंढी ज्या दुकानात विणत बसलेली असते ते हेच. चित्रकार जॉन टेनियल यांनी ते काढताना दार आणि खिडकी यांची अदलाबदल केली, आरशात दिसावं तशी. सईने मोबाइलवर चित्र उघडलं आणि दुकानासमोर धरलं. बरोब्बर उलट! या शहरात मला सगळ्यात जास्त आनंद त्या क्षणी झाला.

टॉल्किन यांच्या बाबतीत ऑक्सफर्ड म्हणजे लिहिण्याचं टेबल. नॉर्थमूर रोडवरच्या ज्या घरात ‘हॉबिट’ आणि पुढची बरीचशी कादंबरी लिहिली, त्यावर निळी पाटी आहे; तिथे लोक राहतात, तेव्हा आम्ही फुटपाथवरूनच पाहिलं. वनस्पती उद्यानातला त्यांचा आवडता काळा पाइन २०१४ मध्ये फांद्या कोसळल्यामुळे काढावा लागला. वुल्व्हरकोटच्या दफनभूमीत त्यांचं आणि पत्नी एडिथ यांचं थडगं आहे, खाली त्यांच्याच कथेतल्या प्रेमिकांची नावं : बेरन, ल्युथिएन. कुणीतरी ताजी फुलं ठेवून गेलं होतं.

मंगळवार

दिवसभर आगगाडी. लंडन, पॅरिस, बाझल, इंटरलाकेन. सई झोपली, मी पत्रं वाचत बसले.

मुद्दाम सांगायला हवं, की इथून पुढचा सगळा रस्ता एका पत्रावर बेतलेला होता. १९११ च्या उन्हाळ्यात, ऑक्सफर्डला दाखल होण्याआधी, एकोणीस वर्षांचे टॉल्किन बारा जणांच्या टोळीबरोबर स्वित्झर्लंडला गेले. बरोबर धाकटा भाऊ आणि जेन मावशी होती. पाठीवर बोजे घेऊन इंटरलाकेनपासून डोंगरवाटांनी पायी. पुरुषमंडळी गवताच्या माळ्यावर नाहीतर गोठ्यात झोपत. पन्नासहून अधिक वर्षांनी मुलाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वच्छ म्हटलं, की रिव्हेंडेल या दरीपासून मिस्टी माउंटन्स या डोंगररांगेच्या पलीकडे जाईपर्यंतचा ‘हॉबिट’च्या नायकाचा प्रवास, अगदी घसरत्या दगडांवरून पाइनच्या रानात घरंगळण्यापर्यंत, आपल्या १९११ च्या अनुभवांवर बेतलेला आहे. इतकी साफ कबुली क्वचितच मिळते.

बुधवार, लाउटरब्रुनेन

इंटरलाकेनहून वीस मिनिटांत गाडी दरीत शिरते आणि आकाश एकदम अरुंद होतं. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे. हिमनदीने खरवडून काढलेली ही दरी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी आहे : तळ सपाट, भिंती उभ्या. भिंतींवरून ७२ धबधबे पडतात असं इथे सांगतात. गावाच्या डोक्यावरचा श्टाउबबाख २९७ मीटरचा. एवढ्या उंचीवरून पडताना त्याचं पाणी खाली पोचेपर्यंत फुटून धुकं होतं, आणि वारा आला की अख्खा धबधबा बाजूला सरकतो. जर्मन कवी ग्योटे १७७९ मध्ये इथे आले आणि या पाण्यावर त्यांनी कविता लिहिली.

रिव्हेंडेल हीच दरी असं जगभर मानतात. टॉल्किन यांनी ‘लाउटरब्रुनेन म्हणजे रिव्हेंडेल’ असं एका वाक्यात कुठे म्हटलेलं नाही. पण १९३७ मध्ये त्यांनी स्वतः रंगवलेलं रिव्हेंडेलचं जलरंगचित्र सईजवळ होतं. उभे फिकट कडे, मधून नदी, मागे बर्फाचे डोंगर. ते समोर धरलं की वाद घालावासा वाटत नाही.

तरी मी घातला. गावात शिरल्यावर मला रिव्हेंडेल सापडेना. दरीचा तळ रुंद आहे, मोकळा आहे, वाहनांनी भरलेला आहे. हॉबिटच्या गोष्टीतली दरी लपलेली असते, अगदी काठावर येईपर्यंत दिसतच नाही. सई म्हणाली, "मावशी, आपण खालून आलो. ते वरून आले होते." उद्या वरूनच यायचं ठरलं.

दुपारी ट्र्युमेलबाख पाहिला, आणि तो मात्र मी कधी विसरणार नाही. हे धबधबे डोंगराच्या पोटात आहेत. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी एकाच फटीतून खाली येतं, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. खडकातल्या लिफ्टने वर जायचं आणि बोगद्यांतून एकेक धबधबा पाहत उतरायचं, असे दहा. अंधार, ओल्या पायऱ्या, आणि पाण्याचा असा गडगडाट की पायांखालचा दगड थरथरतो. बोललेलं ऐकू येत नाही. भूमिगत जगाच्या गोष्टी वाचताना आपण शांतता कल्पितो. इथे कळलं की डोंगराच्या आत प्रचंड आवाज असतो.

गुरुवार, म्युरेन

केबलकारने ग्र्युत्शआल्पला आणि तिथून पायी म्युरेनला. सोपी वाट, दीड तासाची. म्युरेन १,६३८ मीटरवर, कड्याच्या अगदी काठावर वसलं आहे. काठाकडे चालत गेलं की कुरणं दिसतात, समोर पलीकडचे डोंगर दिसतात, मध्ये आठशे मीटर खोल दरी आहे याची खूणही नाही. मग कुंपणापाशी आलं की जमीन संपते.

सई हसत हसत ओरडली, "हेच! हेच!" मी वाद मागे घेतला. लपलेली दरी ती हीच. गिमेलवाल्डवरून श्टेखेलबर्गला उतरणारी वाट नागमोडी आहे. एकेका वळणाला हवा ऊबदार होत जाते, पाण्याचा आवाज वर येत राहतो. ‘हॉबिट’मधले थकलेले बुटके प्रवासी संध्याकाळी अशाच वाटेने उतरतात आणि हळूहळू त्यांचा जीव हलका होतो. ते प्रकरण मी अनेकदा वाचलं आहे, पण त्यातला आराम गुडघ्यांना पहिल्यांदा कळला.

शुक्रवार, क्लाइने शाइडेग

वेंगेनपर्यंत रेल्वे, पुढे चढ. वेंगर्नआल्पपाशी झाडं संपली आणि युंगफ्राउ एकदम अंगावर आली. ४,१५८ मीटर. मधल्या खोल दरीपलीकडे तिच्या हिमनद्यांतून बर्फ तुटून पडत होतं. आधी पांढरी रेघ घसरताना दिसायची, मग थोड्या वेळाने गडगड ऐकू यायची. आणि तिच्या उजव्या खांद्यावर एक सुबक, टोकदार, संपूर्ण पांढरा सुळका : झिल्बरहॉर्न, ३,६९५ मीटर.

याच वाटेने पूर्वेकडे जाताना, युंगफ्राउ नजरेआड होते याची आपल्याला फार हळहळ वाटली, असं टॉल्किन लिहितात. गडद निळ्या आकाशावर धारदार उमटलेला झिल्बरहॉर्न म्हणजे माझ्या स्वप्नांतला सिल्व्हरटाइन, असं ते थेट नाव घेऊन सांगतात. सिल्व्हरटाइन, म्हणजे केलेब्डिल : मोरिया या डोंगराच्या पोटातल्या नगरीच्या वरच्या तीन शिखरांपैकी एक, ज्याच्या माथ्यावर जादूगार गँडाल्फ बालरॉग या अग्निराक्षसाशी शेवटचं युद्ध करतो. आमच्या अख्ख्या वहीत याहून पक्की नोंद नव्हती. आम्ही गवतावर बसलो आणि बराच वेळ कुणी उठायचं नाव काढलं नाही. मुलगा एकोणीस वर्षांचा, एक उन्हाळा, एक सुळका. मग तो घरी गेला, महायुद्धातून परत आला, प्राध्यापक झाला, आणि कित्येक वर्षांनी त्याच सुळक्यावर आपल्या सगळ्यात मोठ्या लढाईचा शेवट केला. सेअरहोलचंही तसंच. चार वर्षांत सुटलेलं गाव आणि एका उन्हाळ्यात मागे पडलेलं शिखर. ज्या ऑक्सफर्डमध्ये ते आयुष्याचा बराच काळ राहिले, त्याला त्या जगात अशी जागा मिळाली नाही.

क्लाइने शाइडेगच्या स्थानकावर युंगफ्राउयोखला जाणाऱ्या गाड्यांची गर्दी होती. ही रेल्वे आडोल्फ गुयर-त्सेलर या उद्योजकाच्या कल्पनेतली. १८९६ मध्ये काम सुरू झालं, तीन वर्षांत ते वारले, काम चालू राहिलं. १९०५ मध्ये गाडी आयगरच्या आतून आइसमेअरपर्यंत पोचली आणि १९१२ मध्ये ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला. सात किलोमीटरहून लांब बोगदा, बहुतेक मजूर इटालियन.

तारखा पुन्हा पाहा. १९११ च्या उन्हाळ्यात टॉल्किन या खिंडीतून चालत गेले, तेव्हा उजव्या हाताच्या डोंगरांच्या पोटात माणसं सुरुंग लावून वर वर बोगदा खणत होती. आणि मोरियात काय आहे? डोंगराच्या तळापासून थेट केलेब्डिलच्या माथ्यापर्यंत कातळातून चढत जाणारा अनंत जिना. हे मी सईला सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकले, पण तिने पेन उचललं नाही. "हे कुठल्या बाजूला लिहू?" कुठल्याच नाही. हा माझा तर्क आहे, आणि तो मला फार आवडतो.

शनिवार, ग्रोसे शाइडेग ते मायरिंगेन

आयगरच्या उत्तर भिंतीच्या सावलीतून ग्रिंडेलवाल्ड, मग ग्रोसे शाइडेग ओलांडून पिवळ्या पोस्टबसने मायरिंगेन. शेरलॉक होम्सचा राइखेनबाख धबधबा इथेच आहे, पण तो आमच्या वाटेचा विषय नव्हता. आरे नदीची घळ पाहिली : १.४ किलोमीटर लांब, काही ठिकाणी रुंदी जेमतेम मीटरभर. पाय दुखत होते, लवकर झोपलो.

रविवार, ग्रिमझेल ते ब्रिग

ग्रिमझेल खिंड २,१६४ मीटर. करड्या कातळांचं, झाडं नसलेलं जग. टॉल्किन आणि मंडळी इथून चालत गेली. आम्ही बसने. समोर पसरलेला मोठा जलाशय त्यांनी पाहिलेला नाही, इथलं धरण १९३२ मध्ये पुरं झालं. ऱ्होन नदीच्या काठाकाठाने ब्रिग. रात्रभर रुळांवर किंचाळणाऱ्या ट्राम, एवढीच त्यांची या गावाची आठवण. आम्हाला ते शांत वाटलं.

सोमवार, आलेत्श

ब्लाटेनपर्यंत बस, तिथून केबलकारने बेलआल्प. सुमारे २,१०० मीटरवर, जुन्या हॉटेलाच्या अंगणातून खाली आलेत्श हिमनदी दिसते, आल्प्समधली सगळ्यात मोठी, आजही वीसेक किलोमीटर लांब. मधोमध दोन काळ्या रेघा, दगडधोंड्यांच्या, वळणं घेत वर गेलेल्या.

तो १९११ चा उन्हाळा युरोपात भयंकर तापला होता. वाटाड्यांबरोबर ही मंडळी हिमनदीवरच्या अरुंद वाटेने एकामागोमाग चालली होती. उजवीकडे बर्फाचा चढ, डावीकडे घळ. एरवी बर्फाखाली झाकलेले दगड उन्हाने मोकळे झाले आणि वरून गडगडत यायला लागले, संत्र्याएवढे, फुटबॉलएवढे, त्याहून मोठेही. टॉल्किन यांच्या पुढे एक वयस्क शिक्षिका होत्या. त्या किंचाळून पुढे उडी मारतात न मारतात तोच एक मोठा धोंडा दोघांच्या मधून गेला, यांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावरून. हॉबिटच्या गोष्टीत वादळी रात्री डोंगरातले दैत्य खेळ म्हणून एकमेकांवर शिळा फेकतात. तो प्रसंग मी लहानपणी वाचला तेव्हा गंमत वाटली होती. इथे काठावर उभं राहून खाली पाहिल्यावर त्यातली भीती समजली.

बेलआल्पवर जॉन टिंडल यांचं स्मारक आहे. हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ इथे घर बांधून उन्हाळे काढत, हिमनद्या कशा सरकतात ते अभ्यासत. कर्ब वायू आणि वाफ उष्णता धरून ठेवतात हे १८५९ पासूनच्या प्रयोगांत त्यांनी मोजून दाखवलं. त्यांच्या दारातली हिमनदी १८५० नंतर तीन किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे. दरीच्या दोन्ही कुशींवर त्या वेळच्या बर्फाची पातळी अजून ओळखू येते : वर जुनी गर्द हिरवळ, खाली फिकट उघडा दगड.

आम्ही त्याच फिकट दगडातून उतरलो. एके काळी जिथे बर्फाचं टोक होतं, तिथे आता मासा नदीची घळ आहे आणि तिच्यावर २००८ मध्ये बांधलेला झुलता पूल, १२४ मीटर लांब, पाण्यापासून ८० मीटर उंच. सई पुढे, मी मागे, दोन्ही हात तारांवर. टॉल्किन ज्या प्रदेशातून गेले त्यातला हा तुकडा तरी आता कुणालाच त्यांच्यासारखा दिसणार नाही, या विचाराने मला फार वाईट वाटलं. सेअरहोलभोवती शहर आलं, पण गिरणी वर्गणीतून वाचली. बर्फासाठी तशी वर्गणी काढता येत नाही.

पलीकडे चढ सुरू झाला आणि आलेत्शचं जंगल लागलं. १९३३ पासून संरक्षित, पाइन आणि लार्चची शेकडो वर्षांची झाडं. एका वळणावर सुट्या दगडांची उतरण थेट झाडांत घुसलेली होती. सईने एक पाय टाकला, दगड सरकले, ती दोन हात घसरत जाऊन एका खोडाला धरून थांबली आणि खालून ओरडली, "मावशी, डावी बाजू!"

रात्री ब्रिगच्या खोलीत गँडाल्फचा विषय निघाला. टॉल्किन यांच्याजवळ एक चित्राचं पोस्टकार्ड होतं : लाल झगा घातलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा पाइनखाली खडकावर बसला आहे आणि एक पांढरं पाडस त्याच्या हातांना हुंगतं आहे. जपून ठेवलेल्या कागदावर त्यांनी स्वतः लिहिलं होतं, ‘गँडाल्फचं मूळ’. ते त्यांनी याच सहलीत विकत घेतलं असं त्यांच्या चरित्रात आलं आणि सगळीकडे पसरलं. पण योझेफ माडलेनर या जर्मन चित्रकाराचं ते चित्र १९२५ च्या आसपासचं किंवा त्यानंतरचं आहे. १९११ मध्ये ते अस्तित्वातच नव्हतं.

"म्हणजे गँडाल्फ इथला नाही?"

"कार्ड इथलं नाही. एवढंच म्हणता येईल."

सईने ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं. मग तिने मोबाइलवर उत्तर आयर्लंडचा नकाशा उघडला. मोर्न डोंगरांत पुढच्या उन्हाळ्यात जायचं हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि तिथे महाकायाने डोकं वर काढावं असा प्रकाश नेमका कुठल्या महिन्यात पडत असेल, यावर आमची चर्चा मध्यरात्रीपर्यंत चालली.